न भाजलेली देवी

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालं, की हडपसर मागे टाकल्यावर लोणी काळभोर लागतं. तुकोबांची पालखी इथे मुक्काम करते. रस्त्याच्या उत्तरेला मुळा-मुठा वाहते, ती थेऊरच्या चिंतामणीला वळसा घालून पूर्वेकडे जाते आणि पुढे भीमेला मिळते. भीमेलाच नंतर घोड नदी येऊन मिळते. या घोडनदीच्या काठी, शिरूर तालुक्यात, इनामगाव आहे. आमच्या भागात इतिहास म्हटला की पेशवाई आठवते, आणि ते साहजिकही आहे. थोरले माधवराव १७७२ साली थेऊरलाच वारले. पण त्यांच्याआधी तीन हजार वर्षं याच नद्यांच्या काठी बार्ली पेरणारी, तांब्याची हत्यारं वापरणारी, घरात रांजण पुरून धान्य साठवणारी माणसं राहत होती. त्यांना लिहिता येत नव्हतं, त्यामुळे त्यांचा एकही शब्द आपल्यापर्यंत आलेला नाही. त्यांच्या एका घराच्या जमिनीखालून मात्र मातीची एक पेटी आली आहे.

इनामगावचं उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ साली सुरू केलं आणि ते १९८३ पर्यंत चाललं. ह. धी. सांकलिया, झेड. डी. अन्सारी आणि म. के. ढवळीकर ही त्यामागची मोठी नावं. सांकलिया १९३९ साली डेक्कन कॉलेजात आले, तेव्हा महाराष्ट्राचा इतिहास सातवाहनांपासून सुरू होतो असंच सगळे धरून चालले होते. १९५०-५१ मध्ये संगमनेरजवळच्या जोर्वे गावी आणि पुढे नेवाशाला केलेल्या खोदकामाने ही सुरुवात हजारभर वर्षं मागे ढकलली. जोर्व्याला मिळालेल्या लालसर-नारिंगी भांड्यांवरून त्या सगळ्या संस्कृतीलाच जोर्वे हे नाव पडलं. एका छोट्या गावाचं नाव असं पाठ्यपुस्तकात जाऊन बसलं; जोर्वेकरांनी त्याचा जेवढा अभिमान बाळगायला हवा तेवढा ते बाळगतात की नाही, ठाऊक नाही.

इनामगावला पद्धत वेगळी होती. एखादा खोल खड्डा खणून कोणता थर कोणत्या काळातला एवढंच पाहायचं नव्हतं. पांढरीचं टेकाड आडवं, रुंद उघडायचं आणि अख्खं गाव नजरेसमोर आणायचं, असं ठरलं होतं. म्हणून तिथे शंभराहून अधिक घरं मिळाली. कुडाच्या भिंती, मातीच्या जमिनी, चुली, धान्याच्या बळदांचे खड्डे, दोन घरांमधली बोळं असं सगळं समोर आलं. वस्तीचे तीन काळ ठरवता आले. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते १४०० हा माळवा काळ, १४०० ते १००० हा पूर्व जोर्वे आणि १००० ते ७०० हा उत्तर जोर्वे. गावाला पाटाचं पाणी होतं. एक पाच खोल्यांचं घर होतं, त्याच्या शेजारी धान्याचं कोठार होतं, आणि त्या घराच्या अंगणात चार पायांच्या, पोट फुगलेल्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला एक पुरुष होता. तो गावचा मुख्य असावा असं उत्खनकांचं मत. त्या रांजणावर आजवर पुष्कळ लिहून झालं आहे. मला त्या मुख्यापेक्षा पेटीचं कुतूहल अधिक आहे, कारण मुख्य कोण होता हे सांगायला त्याच्या घराचा आकार आहे, कोठार आहे, रांजण आहे. पेटीजवळ तसं काही नाही.

पेटी पूर्व जोर्वे काळातली, म्हणजे इसवी सनापूर्वी १३०० च्या सुमाराची. लंबगोल, हाताने थापलेली, वर झाकण. ती घराच्या जमिनीखाली पुरलेली होती. आत एक स्त्रीमूर्ती. झाकणावर दुसरी स्त्रीमूर्ती आणि एक बैल. वरच्या स्त्रीमूर्तीला डोकं नाही. ते मोडून पडलेलं नाही, मुळात घडवलेलंच नाही. स्तन ठळक, हात म्हणजे दोन आखूड टोकं, बाकी तपशील जवळपास काही नाही. तिच्या पोटाशी एक छिद्र आहे आणि बैलाच्या पाठीवर तसंच दुसरं. दोन्हींतून एक काडी घातली, की देवी बैलावर उभी राहते.

हे सगळं कच्च्या मातीचं आहे. भाजलेलं नाही.

या गोष्टीपाशी मी वाचताना नेहमी थांबतो. इनामगावच्या लोकांना भाजणं येत नव्हतं असं कुणी म्हणू शकणार नाही. जोर्वे भांडी चाकावर घडवलेली, पातळ, कडक भाजलेली असतात. बोटाने टिचकी मारली तर खणकन वाजतात. त्यांवर काळ्या रंगात रेघा, जाळी, चौकटी काढलेल्या असतात. इनामगावात कुंभाराची वस्ती आणि गोल भट्टीही मिळाली आहे. म्हणजे गावात भट्टी होती, भट्टी लावणारे हात होते, आणि पाण्याचं साधं भांडं भाजून काढण्याइतकं सरपण नक्कीच होतं. तरीही देवी भाजली नाही. भाजायची नव्हती म्हणूनच भाजली नाही.

भाजलेली वस्तू टिकवण्यासाठी असते. कच्च्या मातीची वस्तू एका वेळेसाठी असते. पाणी लागलं की ती विरघळते, आणि ती विरघळावी अशीच बहुधा करणाऱ्याची इच्छा असते. पोळ्याचे मातीचे बैल, हरतालिकेची वाळूची पिंड, शाडूचा गणपती यांतलं काहीही पुढच्या वर्षासाठी जपून ठेवायचं नसतं. इनामगावची ती बाई किंवा पुरुष – कोण असेल ते – देवीची मूर्ती घडवत नव्हता, देवीसाठी एक विधी करत होता. मूर्ती त्या विधीचं साधन होती. विधी झाला, मूर्ती पेटीसकट जमिनीत गेली. ती आपल्या हाती लागली हा अपघात आहे. इनामगावच्या कोरड्या मातीने ती जपली आणि वर्षानुवर्षं चाललेल्या काळजीपूर्वक खोदकामात कुणाच्या तरी ब्रशखाली ती सापडली. घाईच्या कुदळीला ती मातीत माती म्हणूनच दिसली असती. अशा कितीतरी आधीच्या उत्खननांत हरवल्या असणार.

आता छिद्राकडे पाहू. देवी बैलावर उभी दाखवायची, तर दोघांची एकच मूर्ती घडवणं सोपं होतं. ओल्या मातीला ओली माती चिकटते. इथे दोन वेगळ्या वस्तू केल्या, दोन्हींना भोकं पाडली आणि जोडायला काडी ठेवली. म्हणजे देवी बैलावर चढायची होती आणि उतरायचीही होती. एखाद्या क्षणी, कदाचित काही शब्द म्हणत, कुणीतरी तिला वाहनावर ठेवत असेल, आणि नंतर पुन्हा काढत असेल. आवाहन आणि विसर्जन हे दोन शब्द फार नंतरचे, पण कृती हीच असावी. भाद्रपदात गौरी येतात, जेवतात, जातात. मुखवटे पुन्हा पेटीत जातात. तिथे डोकं असतं, धड उभं करावं लागतं. इनामगावात धड आहे, डोकं नाही. दोन्हीत सरळ वारसा आहे असं मी म्हणत नाही, मधे तीन हजार वर्षांचं अंतर आहे. देवता येते आणि जाते ही कल्पना मात्र मातीच्या दोन तुकड्यांतल्या भोकावरून वाचता येते, त्यासाठी पुराणाची गरज पडत नाही.

आता जमिनीखालची जागा. इनामगावच्या घरात जमिनीखाली फक्त देवी नव्हती. तिथे घरची माणसं होती. मोठ्यांना उत्तर-दक्षिण, डोकं उत्तरेला करून पुरत, आणि बहुतेकांची पावलं घोट्याखाली कापलेली. ती का, यावर तर्क पुष्कळ आहेत. मेलेला उठून चालत जाऊ नये, घरातच राहावा, हा त्यातला सर्वांत सरळ. लहान मुलांना दोन घटांत ठेवत. घटांची तोंडं एकमेकांना लावत आणि आडवे करून खड्ड्यात ठेवत. कधी घराच्या आत, कधी अंगणात. इनामगावच्या एकूण पुरणांत बहुसंख्य मुलं आहेत. आजारपण, उपासमार, बाळंतपण, यांत मुलं जात होती, आणि आईला जमीन सारवताना आपण कुणावरून हात फिरवतो आहोत हे माहीत होतं.

अशा जमिनीत ती पेटी होती. म्हणून ढवळीकरांनी या देवीचा संबंध मुलांच्या रक्षणाशी लावला, तो मला पटतो. आपल्याकडे अजूनही पाचवीला सटवाई पूजतात, आणि ती पूजा करताना कुणी मूर्तीच्या सौंदर्याचा विचार करत नाही. पाटावर जे मांडलेलं असेल तीच देवी. मूल वाचावं एवढीच मागणी असते.

इथपर्यंत ठीक. पुढे मात्र नावं सुरू होतात, आणि तिथे मी जरा हात आखडता घेतो. डोकं नसलेल्या देवीला ढवळीकरांनी विशिरा आणि शाकंभरी अशी नंतरच्या ग्रंथांतली नावं सुचवली. शाकंभरी ही दुष्काळात अंगातून भाजीपाला उगवून लोकांना जगवणारी, आणि इनामगावला दुष्काळ नवा नव्हता. सांकलियांनी तर १९६० मध्येच पश्चिम आशियापासून आग्नेय आशियापर्यंतच्या नग्न देवीवर लेख लिहिला होता. रा. चिं. ढेऱ्यांनी १९७८ मध्ये ‘लज्जागौरी’ हे पुस्तक लिहिलं, ते तर मराठीतल्या दैवतविचाराचं एक मोठं शिखर. लज्जागौरी म्हणजे डोक्याच्या जागी कमळ, पाय फाकवून बसलेली, प्रसवाच्या मुद्रेतली. तेरपासून नागार्जुनकोंड्यापर्यंत, आलमपूरपर्यंत ती मिळते. इनामगावची बिनडोक्याची आणि तेरची कमळडोक्याची, यांत नातं शोधण्याचा मोह कुणालाही होईल.

पण इनामगावची देवी बसलेली नाही, उभी आहे. तिच्या खांद्यावर कमळ नाही. आणि तिच्याखाली बैल आहे, जो लज्जागौरीला बहुधा नसतो. बैल महादेवाचा, असं आपण चटकन म्हणतो, कारण आपल्याला तसं शिकवलं आहे. इनामगावच्या माणसाला बैल म्हणजे पेरणी, मळणी, ओढकाम. वाळकीला, भीमा आणि मुळा-मुठेच्या संगमाजवळ, त्या काळातलं नांगरासारखं हाडाचं अवजार मिळालं आहे. शेत फाडणारं जनावर आणि मूल देणारी बाई, ही जोडी समजायला शिवपार्वतीपर्यंत जावं लागत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी याच पुणे परिसरात पायी फिरले, वाटांच्या फाट्यांवरच्या, वेशीवरच्या शेंदरी आया पाहिल्या आणि ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’त त्यांच्यावर लिहिलं. त्यांचं म्हणणं मोठं होतं, पण त्यांची सवय त्याहून मोठी होती: देवी कुठे बसली आहे, तिथे कोण येतं, काय वाहतं, हे आधी बघायचं. लोणीपासून फार लांब नसलेल्या वाडेबोल्हाईच्या बोल्हाईला मेंढीचं चालतं, बोकडाचं नाही, हे तिच्याबद्दलच्या कुठल्याही कथेपेक्षा अधिक सांगतं.

म्हणून नाव बाजूला ठेवून कृतीकडे पाहणाऱ्यांची एक गोष्ट सांगतो, ती मेक्सिकोतली आहे.

मेक्सिको शहराच्या पश्चिमेला त्लातिल्को नावाची जागा आहे. विसाव्या शतकात तिथे वीटभट्ट्यांसाठी माती काढणाऱ्या मजुरांना छोट्या भाजलेल्या बायका मिळू लागल्या. रुंद मांड्या, बारीक कंबर, केसांचे नाना प्रकार. काहींना एका धडावर दोन डोकी, काहींना एका डोक्यावर दोन चेहरे. मिगेल कोव्हारुबियास या चित्रकाराने त्या मजुरांकडून विकत घेतल्या आणि मग रीतसर उत्खनन झालं. तेव्हा कळलं, की त्या थडग्यांत ठेवलेल्या होत्या, आणि थडगी घरांच्या जमिनीखाली होती. काळ इसवी सनापूर्वी १२०० च्या आसपासचा, म्हणजे इनामगावच्या पेटीच्या जवळपासचा. दोन्ही गावांमध्ये दोन महासागरांचं अंतर, आणि कुणी कुणाला भेटलं असण्याची शक्यता शून्य. अमेरिका आणि भारत यांचं प्राचीन नातं जोडणाऱ्या पुस्तकांचा आपल्याकडे तोटा नाही; त्यांत मी भर घालत नाही.

त्याहून बोलका प्रकार ओआहाका खोऱ्यातला. सान होसे मोगोते या गावी एका घराला लागून असलेल्या पडवीच्या जमिनीखाली चार छोट्या मूर्ती मिळाल्या. तीन उताण्या निजलेल्या, हात छातीवर बांधलेले, एक बसलेली. त्या तिथे फेकलेल्या नव्हत्या, मांडलेल्या होत्या. एक प्रसंग रचून तो जमिनीत बुजवला होता. जॉइस मार्कस या अभ्यासिकेने पुढे असं मांडलं, की अशा मूर्ती घरातल्या बायका घडवत, नुकत्याच गेलेल्या पूर्वजांशी बोलण्यासाठी. देवळात होणारे विधी पुरुषांचे होते आणि घरातले बायकांचे. मूर्तीला देवीचं नाव द्यायचा प्रयत्न त्यांनी केला नाही. ती कुठे मिळाली, कुणाच्या शेजारी, कशी ठेवलेली, फुटलेली की अखंड, हे त्यांनी विचारलं. हीच पद्धत मला इनामगावला लावाविशी वाटते. काहींना हे सगळं खेळणं वाटतं, आणि पुरातत्त्वात एक जुनी थट्टा आहेच की ज्याचा उपयोग कळत नाही ते धार्मिक. पण खेळणं झाकणाच्या पेटीत ठेवून, घराची जमीन खणून, वर पुन्हा जमीन सारवत कुणी नाही.

मेक्सिकोच्या मूर्ती भाजलेल्या. इनामगावची कच्ची. हा फरक मोठा आहे, कारण त्लातिल्कोची मूर्ती बहुधा मेलेल्याबरोबर दूरच्या प्रवासाला जायची होती. तिला टिकायलाच हवं होतं. इनामगावच्या मूर्तीला कुठे जायचं नव्हतं. तिचं काम त्या घरातच होतं, त्या घराच्या जमिनीशी, आणि ते काम संपल्यावर तिने मातीतच राहायचं होतं. आपल्याकडे वास्तुशांतीला प्रतिमा घराच्या कोपऱ्यात पुरतात आणि पुढे ती कुणी उकरून पाहत नाही. तिने तिथे असणं एवढंच तिचं काम. पेटीतली आणि पेटीवरची, अशा दोन स्त्रिया का, हा प्रश्न मला त्यामुळे अधिक महत्त्वाचा वाटतो. एक झाकलेली, एक वर. एक राहणारी, एक बैलावर चढून जाणारी. घराला दोन्हींची गरज असावी: इथे थांबणारी आणि येऊन जाणारी. हा माझा तर्क आहे, आणि मी त्याला तर्कच म्हणतो.

इसवी सनापूर्वी १००० नंतर इनामगाव बदललं. पाऊस कमी होत गेला. चौकोनी मोठी घरं गेली, त्यांच्या जागी गोल झोपड्या आल्या, भांड्यांवरची चित्रं आणि त्यांची सफाई घटली, गाव शेतीपेक्षा गुरं-मेंढ्यांवर आणि शिकारीवर जास्त अवलंबून राहू लागलं. ७०० च्या सुमारास लोक निघून गेले. कुठे, ते गुरांनाच माहीत.

त्यांच्या जाण्यानंतर सात-आठशे वर्षांनी तेर हे मोठं व्यापारी शहर झालं. ‘पेरिप्लस’मधलं तगर ते हेच. तिथे पांढऱ्या केओलिन मातीच्या मूर्ती दोन भागांच्या साच्यांत काढत, एका साच्यातून पुष्कळ. चेहरे नीटस, दागिने रेखीव, सगळ्या भाजलेल्या. लज्जागौरीही त्यात आहे. कोणीही पैसे देऊन ती घरी न्यावी, देव्हाऱ्यात ठेवावी, मोडली तर दुसरी आणावी. तेरच्या संग्रहालयात त्या रांगेने मांडल्या आहेत. इनामगावच्या त्या पेटीतली मात्र एकदाच घडली, एका घरासाठी, कुणाच्या तरी बोटांनी.